रुतलेला करदोडा: सीपीआर, टेनेक्टेप्लेज आणि पोटातला रक्तस्राव

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा सहा खाटांचा आयसीयू आहे. व्हेंटिलेटर दोन, डिफिब्रिलेटर एक, सोनोग्राफीचं एक जुनं पोर्टेबल मशीन. अँजिओग्राफी करायची तर मिरजेला जायचं, म्हणजे रात्रीच्या रस्त्याने दीड ते दोन तास. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. औषधं, डोस आणि आमच्या चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत.

मार्च महिना, बेदाण्याचा हंगाम. 54 वर्षांचे एक बागायतदार दुपारपासून शेडवर होते. पाचच्या सुमाराला छातीत दाटून आलं, डावा हात जड झाला. पित्त असेल म्हणून सोडा घेतला आणि जाळ्यांवर माल पसरायचं काम चालू ठेवलं. साडेसातला घामाने शर्ट भिजला तेव्हा भाच्याने जीप काढली. गावात शिरता शिरता मामांनी मान टाकली. भाच्याने गाडी चुलतभावाच्या ताब्यात दिली, मागच्या सीटवर गुडघे टेकले आणि मोबाईलवर कधीतरी पाहिलं होतं तसं छाती दाबायला सुरुवात केली. तीन-चार मिनिटं. दवाखान्याच्या दारात 7:40 ला मॉनिटर लावला, तर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे हृदय आकुंचन पावायच्या ऐवजी नुसतं थरथरत होतं.

पुढची 24 मिनिटं कुठल्याही कॅज्युअल्टीत जातात तशीच गेली. 200 ज्यूलचे पाच डीसी शॉक, दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम ॲड्रिनलिन, ॲमिओडॅरोन आधी 300 आणि मग 150, श्वासासाठी तोंडातून नळी. दाबायला आमचे दोन वॉर्डबॉय आणि एक ब्रदर पाळीपाळीने. मिनिटाला 100 ते 120, पाच-सहा सेंटिमीटर खोल, म्हणजे 24 मिनिटांत दोन-अडीच हजार वेळा. तिसऱ्या मिनिटाला बरगडी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला आणि कुणी थांबलं नाही. थांबायचं नसतंच. 8:04 ला नाडी लागली.

लगेचच्या ईसीजीवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी एकदा पोळून शिकलो आहे. हृदय नुकतंच सुरू झालेलं असताना पहिल्या सात-आठ मिनिटांत ईसीजीच्या रेघेतला एसटी हा भाग वर गेलेला दिसतो, तो धमनी बंद असल्यामुळेच असेल असं नाही. अरेस्टच्या, म्हणजे हृदय बंद असतानाच्या, काळातली उपासमार आणि ॲड्रिनलिनही तो वर नेतात. म्हणून 8:15 ला एक ईसीजी काढला आणि 8:22 ला दुसरा. दोन्हींत व्ही-1 ते व्ही-5 मध्ये तीन-चार मिलिमीटर एसटी वर. हृदयाच्या समोरच्या भिंतीचा झटका, पुढची मोठी धमनी बंद.

आता लायटिक द्यायचं का? मिरजेत धमनी उघडणारा बलून फुगेपर्यंत दोन तासांच्या पुढे जाणार हे उघड होतं, आणि अशा वेळी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी देऊन मग पाठवायचं हा सर्वमान्य मार्ग. पण त्याच मार्गदर्शक सूत्रांत असंही लिहिलंय की दहा मिनिटांहून जास्त चाललेला किंवा इजा करणारा सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, ही सापेक्ष मनाई आहे. सापेक्ष म्हणजे देऊ नका असं नाही, तोलून द्या. तोलायची वेळ येते तेव्हा काटा आपल्याच हातात असतो, आणि हात थरथरत असतो.

डोक्यातल्या रक्तस्रावाचा विचार केला. सबॲरक्नॉइड, म्हणजे मेंदूच्या आवरणाखालच्या, रक्तस्रावानेही हृदय बंद पडतं आणि ईसीजी झटक्यासारखा दिसू शकतो. अशा माणसाला लायटिक दिलं तर संपलंच. आमच्याकडे रात्री सीटी होत नाही. पण छातीत दुखत असल्याचा अडीच तासांचा इतिहास होता, पहिली लय फिब्रिलेशन होती आणि मेंदूतल्या रक्तस्रावात ती सहसा तशी नसते. दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या, आणि पडून डोक्याला मार लागलेला नव्हता. 8:35 ला टेनेक्टेप्लेज हे लायटिक दिलं. वजन 72 किलो, म्हणून 40 मिलिग्रॅम, एकाच बोलसमध्ये. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन 4000 युनिट आणि मग तासाला 850. ॲस्पिरिन आणि 300 मिलिग्रॅम क्लोपिडोग्रेल पोटात जाणाऱ्या राइल्स ट्यूबमधून. ती ट्यूब आम्ही लायटिकच्या आधीच तोंडातून घातली होती. लायटिकनंतर नाकातून नळी घालायला जाणारा माणूस पुढचा तासभर नाकात गॉज कोंबत बसतो. मानेत किंवा गळपट्टीच्या हाडाखाली सेंट्रल लाइनही टाकली नाही. जिथे बोटाने दाबून रक्त थांबवता येत नाही, तिथे या औषधानंतर सुई न्यायची नाही. हातांवर दोन जाड व्हेनफ्लॉन, बस्स.

एवढं सगळं शहाणपण मला त्या रात्री होतं. उरलेलं एका करदोड्याने शिकवलं.

नऊपर्यंत चित्र छान होतं. एसटी निम्म्याहून खाली उतरला, मधून मधून धमनी उघडल्याची ती संथ रुंद लय दिसून गेली, बीपी 108/70. मिरजेला फोन झाला, 108 बोलावली. 9:40 ला बीपी 84, नाडी 124. मी सोनोग्राफीचा प्रोब उचलून छातीवर ठेवला. समोरची भिंत हलत नव्हती. झालं, कार्डिओजेनिक शॉक, म्हणजे हृदयच कमी पडतंय. बीपी चढवणारं नॉरॲड्रिनलिन सुरू केलं. फुफ्फुसाच्या तळाला थोडी खरखर ऐकू आली म्हणून लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्सही दिलं, 40 मिलिग्रॅम. हे लॅसिक्स मला आजही आठवतं.

पाठोपाठ 9:50 चा एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी, आला. अवयवांना रक्त कमी पडलं की चढणारं लॅक्टेट 8.1. साडेआठला 6.8 होतं. अरेस्टनंतर लॅक्टेट जास्त असणारच, असं म्हणून मी कागद बाजूला ठेवला. पण रक्ताभिसरण सुरू होऊन पावणेदोन तास झाल्यावर ते उतरायला हवं होतं, आणि ते चढत होतं. साडेनऊच्या नमुन्यात हिमोग्लोबिन 12.6 आलं होतं, आल्या आल्या 14.2 होतं. सलाईनने पातळ झालं असेल, हेही मीच म्हणालो. आकडे खोटं बोलत नव्हते, मी त्यांची समजूत काढत होतो.

दहा वाजून पाच मिनिटांनी 108 दारात लागली. स्ट्रेचरवर घ्यायच्या आधी सिस्टर चादर सरळ करत होत्या. म्हणाल्या, "सर, ह्यांचा करदोडा बघा. मघाशी कॅथेटर घालताना दोन बोटं सहज जात होती. आता रुतलाय."

काळा, जुना, चांदीचा एक मणी ओवलेला करदोडा. पोटाच्या दोन्ही बाजूंना त्याने वळ उमटवला होता आणि बेंबीच्या वरची कातडी ताणून चकचकीत झाली होती. मी प्रोब उजव्या बरगड्यांखाली ठेवला. यकृत आणि मूत्रपिंडाच्या मधे जिथे काही नसायला हवं, तिथे दोन बोटं रुंद काळी पट्टी, म्हणजे साठलेलं रक्त. ओटीपोटातही तेच. हृदयाकडे रक्त नेणारी खालची महाशिर अगदी चपटी, प्रत्येक श्वासाला मिटत होती. वीस मिनिटांपूर्वी हाच प्रोब मी छातीवर धरला होता. तिथून चार बोटं खाली सरकवला असता तर लॅसिक्स दिलं नसतं. पण हृदयाची भिंत हलत नव्हती, कारण सापडलं होतं, मग खाली कोण बघतं? 10:10 चं हिमोग्लोबिन 9.4.

हे घडतं कसं, ते इथे सांगायला हवं, कारण त्याच्यातच उशिरा कळण्याचं कारण आहे. यकृताचा डावा भाग छातीच्या हाडाच्या टोकाखाली, पाठीच्या कण्यासमोर असतो. हात थोडा खाली गेला की तो दोन हाडांमधे चिरडतो. हात अगदी बरोबर जागी असला तरी कधी कधी चिरडतो, कारण सीपीआर चालू असताना उजव्या बाजूचा दाब वाढून यकृत रक्ताने तट्ट फुगलेलं असतं. पण हृदय बंद असताना फाटलेलं यकृत फारसं रक्त सांडत नाही, ढकलायला दाबच नसतो. नाडी परत आली, ॲड्रिनलिनच्या जोरावर बीपी चढलं की त्या चिरेतून खरी गळती सुरू होते. तिथे जी कच्ची गुठळी धरू पाहते ती आपण दिलेलं औषध विरघळवतं. त्यात भर म्हणजे अरेस्टमधे शरीर स्वतःच गुठळ्या विरघळवायला लागतं. जितका जास्त वेळ रक्ताभिसरण बंद, तितका हा प्रकार जोरात. ॲसिडोसिस, म्हणजे रक्तात वाढलेलं आम्ल, आणि थंड पडलेलं अंग गोठण्याची उरलीसुरली शक्ती काढून घेतं. इतक्या सगळ्या गोष्टी एकाच दिशेला ओढत असताना बाहेर दिसतं काय, तर पडलेलं बीपी. आणि नुकत्याच झटका आलेल्या माणसाचं बीपी पडलं की आपलं बोट आधीच हृदयाकडे वळलेलं असतं.

108 थांबवली. डॉक्टर तरुण होते, म्हणाले, "सर, उशीर नको, घेऊन जातो." बरोबरच होतं त्यांचं, सर्जरी आणि सीटी मिरजेतच. पण बीपी 70 वर असताना, हातात रक्त नसताना, दीड तासाच्या रस्त्यावर काढायचं म्हणजे कवठेमहांकाळच्या अलीकडे कुठेतरी पुन्हा छाती दाबायला लागणार, आणि या वेळी त्या दाबण्याने यकृत आणखी फाटणार. मी नाही म्हटलं.

हेपॅरिन बंद. दीड तासात किती उरलं असेल याचा अंदाज घेऊन त्याचा उतारा, प्रोटॅमिन, 25 मिलिग्रॅम, दहा मिनिटांत हळूहळू. 100 युनिट हेपॅरिनला एक मिलिग्रॅम हा हिशेब. पण दीड तासात अर्ध्याहून जास्त हेपॅरिन शरीर स्वतःच संपवतं, त्यामुळे पूर्ण डोस द्यायचा नाही. जादा प्रोटॅमिन पुन्हा गोठणं बिघडवतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम. टेनेक्टेप्लेज ज्या प्लाझ्मिनच्या हातून गुठळी तोडतं, त्या प्लाझ्मिनला गुठळीवर पकडच मिळू द्यायची नाही, हे त्याचं काम. कॅल्शियम ग्लुकोनेट दहा मिली. ब्लोअर नव्हता, म्हणून गरम सलाईनच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून काखेत. आमच्या रक्त साठवण केंद्रात बी पॉझिटिव्ह पीसीव्हीच्या, म्हणजे लाल पेशींच्या, दोन पिशव्या होत्या, दोन्ही चढवल्या. नॉरॲड कमी करत आणलं आणि वरचं बीपी नव्वदच्या आसपास ठेवलं. त्याहून चढवलं की पोट भरतं, उतरवलं की मेंदू आणि नुकतीच उघडलेली धमनी उपाशी राहते. सीपीआर झालेल्या मेंदूला चांगलं बीपी हवं असतं, फाटलेल्या यकृताला कमी. दोघांचं एकमत होत नाही. नव्वद हा तडजोडीचा आकडा.

फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी धरणारं प्रथिन, मोजायची सोय नव्हती. मग आम्ही तेच केलं जे या भागात घोणस चावल्यावर करतो. दोन मिली ताजं रक्त कोरड्या काचेच्या नळीत, वीस मिनिटं हात न लावता, आणि मग तिरपी करून बघायची. पहिली नळी सरळ वाहून गेली. पण त्या रक्तात हेपॅरिन होतं, त्यामुळे तिचा अर्थ लावता येत नव्हता. प्रोटॅमिन गेल्यावर दुसरी लावली. वीस मिनिटांनी गुठळी धरली, पण सायीसारखी, तिरपी करताच तुटली. सापाच्या रुग्णात मी तिला न गोठलेलंच म्हटलं असतं. क्रायो, म्हणजे प्लाझ्मातून काढलेलं फायब्रिनोजेन, लागणार हे त्या नळीने सांगितलं. टेनेक्टेप्लेज रक्तातल्या फायब्रिनोजेनला तसं फारसं हात लावत नाही, स्ट्रेप्टोकायनेज दिलं असतं तर दिवसभर रक्त पाण्यासारखं राहिलं असतं. इथे जे खर्च झालं ते बहुतेक अरेस्टने आणि रक्तस्रावाने.

क्रायो आणायला चुलतभाऊ गाडी घेऊन मिरजेला निघाला होताच, कारण दुसऱ्या नळीची वाट न बघता मी चिठ्ठी दिली होती. दहा युनिट क्रायो, चार पीसीव्ही, चार एफएफपी म्हणजे गोठवलेला प्लाझ्मा. ब्लड बँकेतून त्याचा फोन आला, "सर, सगळं एकाच थर्माकोलच्या डब्यात बर्फात घालू का?" लाख मोलाचा प्रश्न. आमच्याकडे गोठलेला प्लाझ्मा वितळवायचं 37 अंशांचं पाणी नव्हतं, म्हणून क्रायो तिथेच वितळवून घ्यायला सांगितलं होतं. वितळवलेलं क्रायो पुन्हा थंडीत ठेवलं तर त्यातलं हवं तेच तळाशी बसतं. ते खोलीच्या तापमानाला ठेवायचं आणि काही तासांत चढवायचं. पीसीव्ही मात्र बर्फाच्या पॅकवर. म्हणून दोन डबे. तिथल्या तंत्रज्ञाने एका डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून दिलं, "बर्फ नको".

साडेअकराला बीपी 94, नाडी 112. पोटाचा घेर आम्ही बेंबीवर पेनने खूण करून अर्ध्या तासाने मोजत होतो, तो वाढायचा थांबला होता. आता निघायला हरकत नव्हती. 108 मधे मी स्वतः बसलो. मिरजेकडून येणारी गाडी आम्हाला कवठेमहांकाळच्या अलीकडे एका बंद पेट्रोल पंपावर भेटली. तिथे हेडलाइटच्या उजेडात डबे बदलले, पिशवीवरचं नाव, गट आणि नंबर दोघांनी मोठ्याने वाचले आणि क्रायो सुरू केलं. पाठोपाठ पीसीव्ही. मिरजेत पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते.

सीटीमधे यकृताच्या डाव्या भागात चार सेंटिमीटर खोल चीर, ग्रेड तीन. बरगड्या पाच मोडलेल्या, छातीचं हाड एक ठिकाणी. डोकं स्वच्छ. सीटीसाठी शिरेतून दिलेला डाय बाहेर सांडताना दिसला नाही, म्हणून पोट उघडलं नाही. तिथल्या सर्जननी रात्रभर दर दोन तासांनी येऊन पोट तपासलं. लायटिक दिलेल्या माणसाचं पोट उघडणं म्हणजे एक रक्तस्राव थांबवायला दहा नवे सुरू करणं, आणि यकृताच्या अशा जखमा दाब सांभाळला आणि गोठणं दुरुस्त केलं तर पुष्कळदा आपोआप धरतात. इथे धरली. एकूण पीसीव्ही सहा, क्रायो दहा, एफएफपी चार.

हृदयाचं मात्र रखडलं. लायटिकनंतर दोन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी करायची असते. स्टेंट घालायचा म्हणजे पुन्हा हेपॅरिन आणि पुढे रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन-दोन गोळ्या. एसटी उतरलेला होता, दुखणं परत आलं नव्हतं, म्हणून थांबले. ॲस्पिरिन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत सुरू झालं, क्लोपिडोग्रेल चौथ्या दिवशी. सहाव्या दिवशी मनगटातून अँजिओग्राफी झाली. पुढची धमनी 80 टक्के अरुंद, पण रक्त नीट वाहत होतं. तिथे स्टेंट बसला. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडून भाच्याचा हात धरला होता, चौथ्या दिवशी नळी निघाली, सतराव्या दिवशी घरी.

मोठ्या शहरात असते तर काय झालं असतं, असं नातेवाइकांनी विचारलं. कदाचित थेट कॅथलॅब. आणि नाडी परत आलीच नसती तर काही ठिकाणी एक्मो, म्हणजे हृदय-फुफ्फुसाचं काम शरीराबाहेर करणारं यंत्र. 2020 च्या अमेरिकेतल्या ॲरेस्ट चाचणीत हट्टी फिब्रिलेशनच्या रुग्णांत एक्मोने 43 टक्के घरी गेले, नेहमीच्या उपचाराने 7 टक्के. पण रुग्ण तीसच होते आणि संघ एकाच शहरातला, याच कामात मुरलेला. 2023 च्या नेदरलँड्समधल्या चाचणीत मेंदू शाबूत ठेवून वाचलेले 20 विरुद्ध 16 टक्के, म्हणजे ठाम फरक नाही. आणि एक्मोत सगळ्यात जास्त छळतो तो रक्तस्रावच. मांडीच्या शिरेत सात-आठ मिलिमीटर जाड नळी आणि सतत हेपॅरिन. आमच्या रुग्णाचं फाटलेलं यकृत त्या हेपॅरिनखाली कसं वागलं असतं, याचा विचार मी करत नाही. सीपीआर चालू असतानाच सरसकट लायटिक देण्याचा प्रश्नही 2008 च्या ट्रोइका चाचणीने निकालात काढला. टेनेक्टेप्लेजने जगणारे वाढले नाहीत, डोक्यातला रक्तस्राव मात्र 0.4 वरून 2.7 टक्के झाला. आमचा रुग्ण त्या गटातला नव्हता. नाडी आल्यावर, ईसीजी दोनदा बघून दिलं होतं.

भाचा चौथ्या दिवशी मला भेटायला आला. खुर्चीवर बसेना. "डॉक्टर, गाडीत दाबताना खाली पोटाकडं दाबलं गेलं हुतं वो. कायतरी कडाक् वाजलं. माझ्यामुळंच फाटलं न्हवं?" मी त्याला खरं ते सांगितलं. असेलही तुझ्या हाताने, असेल आमच्याही हाताने, सीटीवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. पण ती चार मिनिटं कुणी दाबलंच नसतं तर मी दारात ज्या माणसाला घेतलं त्याचा मेंदू शिल्लक नसता, आणि यकृताचा प्रश्नच आला नसता. तो थोडा वेळ गप्प बसला. मग नीट कुठे दाबायचं ते दाखवा म्हणाला. माझ्याच छातीवर, दोन्ही स्तनाग्रांच्या मधे, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर त्याचा तळवा ठेवून दाखवला.

आमच्या गावातले सर्जन आणि मी या रुग्णावरून अजून भांडतो. ते म्हणतात 24 मिनिटं सीपीआर झालेल्याला लायटिक द्यायचंच नव्हतं, गाडीत घालून पाठवायचं. मी म्हणतो, मग आणखी तीन तास बंद राहिलेल्या धमनीने किती स्नायू उरला असता? ते म्हणतात, उरला असता तेवढा उरला असता, सहा पिशव्या तरी वाचल्या असत्या. यावर आम्ही दोघं चहा घेतो. एका गोष्टीवर मात्र वाद नाही. लायटिकनंतरच्या पहिल्या दोन तासांत बीपी पडलं तर प्रोब पोटावर आधी आणि छातीवर नंतर, आणि दर अर्ध्या तासाला पुन्हा. सिस्टर तर आता लायटिक दिलेल्या प्रत्येकाच्या बेंबीवर पेनने रेघ मारून ठेवतात, कुणी सांगायची वाट बघत नाहीत.

दीड महिन्याने ते तपासणीला आले. हृदयाची पंपाची ताकद सांगणारं इजेक्शन फ्रॅक्शन 40 टक्के, कालचं जेवण आठवायला थोडा वेळ लागतो, बाकी ठीक. नर्सिंग स्टेशनवर जाऊन विचारत होते, माझा करदोडा कापला त्यातला चांदीचा मणी कुणी ठेवलाय का. सिस्टरनी ड्रॉवरमधून काढून दिला, गॉजच्या तुकड्यात बांधलेला.